सामना अर्ध्यावर सोडून कलकत्त्याला गेलेला बॅरिस्टर

अमळनेरच्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा बारावीला आहे, बुद्धिबळातलं फिडे रेटिंग (आंतरराष्ट्रीय महासंघ खेळाडूच्या ताकदीला देतो ते गुण) 1640, आणि पाच वर्षांच्या लॉला जायचं म्हणतो. आजोबांचं म्हणणं, वकील व्हायचं असेल तर पट माळ्यावर टाक. मुलाने कुठेतरी जॉन कॉक्रनबद्दल वाचलं होतं, त्याने आजोबांपुढे तेच नाव ठेवलं: हा माणूस बॅरिस्टर होता, बुद्धिबळातला उस्ताद होता आणि कायद्यावर पुस्तकही लिहून गेला. वडील विचारतात, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आमच्या पोराला तसं जमेल का?

खरं आहे. जमेल का, याचं उत्तर द्यायला मात्र जरा वेळ लागेल, कारण मुलाने कॉक्रनची गोष्ट अर्धीच सांगितली आहे.

आधी मी कोण ते सांगतो. जळगावला दिवाणी बाजूची वकिली करतो, तीसेक वर्षं झाली. काम बहुतेक वाटपाचं: वडिलोपार्जित शेत, सातबारा, बहिणींचा हिस्सा, रावेर-यावलकडच्या केळीच्या जमिनीवरून भावाभावांत लागलेली भांडणं. रविवारी सकाळी दहा-पंधरा पोरांना बुद्धिबळ शिकवतो. माझं स्वतःचं रेटिंग 1900 च्या वर कधी गेलं नाही. तेव्हा हे कुणा मोठ्या खेळाडूचं मत म्हणून वाचू नका. दोन डगरींवर पाय ठेवून एकदा चांगलाच आपटलेला माणूस बोलतोय असं समजा.

"दोन्ही जमेल का" असं लोक मला नेहमी विचारतात, पण त्यांना खरं विचारायचं असतं ते वेगळंच. कोणत्या वयात कोण कोणाला पोसणार? बुद्धिबळ पंधरा ते पंचवीस या वयात सगळा वेळ मागतं. वकिलीही नेमका तोच काळ मागते, शिवाय सनद मिळाल्यावरची पहिली चार-पाच वर्षं हातात जवळपास काही देत नाही. घरी बाप कमावता असेल, थोडी शेती असेल, चांगला सिनिअर मिळाला असेल तर एक हिशेब. भाड्याच्या खोलीत राहून ज्युनिअरशिप करायची असेल तर दुसरा. रेटिंगचंही तसंच. सतराव्या वर्षी पोराचं रेटिंग 2300 असतं तर मी वेगळं उत्तर दिलं असतं आणि आजोबांनाच थांबा म्हटलं असतं. 1640 ला तसं म्हणणं म्हणजे फसवणूक होईल.

आता कॉक्रन. जन्म 1798 चा, स्कॉटिश, तरुणपणी आरमारात होता, मग कायद्याकडे वळला. 1822 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याने बुद्धिबळावर एक ग्रंथ छापला. त्याआधीच पॅरिसला जाऊन देशापेल आणि ला बुर्दोने या त्या काळच्या दोन बड्या खेळाडूंशी खेळून आला होता. त्यांच्यापुढे तो कमी पडला, पण त्या वयात त्यांच्यासमोर बसायला मिळणं हेच मोठं होतं. 1824 मध्ये लंडन आणि एडिंबरो या दोन क्लबांत टपालाने सामना सुरू झाला. एक खेळी लिहून पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची. कॉक्रन स्कॉटिश असला तरी लंडनच्या बाजूने होता. एका डावात त्याच्या सल्ल्याने लंडनने तिसऱ्याच खेळीला वजिरापुढचं प्यादं दोन घरं ढकललं, पुढे मोहरं देऊन हल्ला उभा केला, आणि त्याच वर्षी हा बॅरिस्टर झाला नि जहाजात बसून कलकत्त्याला निघून गेला! मागे राहिलेल्यांना तो हल्ला पेलला नाही. डाव हरला, सामनाही एडिंबरोने जिंकला. एडिंबरोवाल्यांना ती सुरुवात इतकी आवडली की त्यांनी स्वतःच ती खेळायला घेतली, म्हणून आज तिला स्कॉच म्हणतात. 1990 मध्ये कास्पारोव्हने कार्पोव्हविरुद्ध जगज्जेतेपदाच्या सामन्यात ती पुन्हा बाहेर काढली. माझ्या रविवारच्या वर्गातली पोरंही ती खेळतात.

मुलाने सोडलेला अर्धा भाग हा. कॉक्रनने दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या नाहीत. सव्विसाव्या वर्षी, ऐन बहरात, चालू सामना टाकून तो कोर्टात गेला, आणि युरोपच्या बुद्धिबळातून सतरा वर्षं गायब झाला. 1841 मध्ये लांब रजेवर इंग्लंडला परतला तेव्हा त्याची वकिली बसलेली होती. त्या दोनेक वर्षांत त्याने फ्रान्सच्या सेंट-अमांला सामन्यात हरवलं आणि इंग्लंडच्या हॉवर्ड स्टॉन्टनशी शेकडो डाव खेळला. त्यातले बहुतेक हरला, पण स्टॉन्टन त्याच्याशी खेळूनच तयार झाला आणि 1843 मध्ये पॅरिसला जाऊन त्याच सेंट-अमांला हरवून युरोपातला पहिला खेळाडू ठरला. मग कॉक्रन पुन्हा कलकत्त्याला आला आणि 1869 पर्यंत तिथेच राहिला. म्हणजे आधी वकिलीने घर उभं केलं, मग त्या घरात बुद्धिबळाला एक खोली मिळाली. हा क्रम उलटा होऊ शकतो का? होऊ शकतो, पण फार थोड्यांच्या बाबतीत.

उलट्या क्रमाचं उदाहरण पॉल मॉर्फीचं. न्यू ऑर्लिन्सचा, वडील न्यायाधीश. 1857 मध्ये लॉची पदवी घेतली तेव्हा वय वीसही नव्हतं. लुइझियानाचा दिवाणी कायदा जवळजवळ तोंडपाठ होता असं सांगतात. वकिली करायला वय कमी पडत होतं, म्हणून मधल्या वेळात तो न्यूयॉर्कच्या स्पर्धेत खेळला आणि जिंकला. पुढच्या वर्षी युरोपात जाऊन जर्मनीच्या बड्या आंदेरसेनला 7 विरुद्ध 2 असं हरवलं. परत आला तेव्हा जगभर नाव झालेलं, आणि वकिली काही केल्या बसेना. आलेला पक्षकार बुद्धिबळाच्याच गप्पा मारायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. त्यात 1861 पासून यादवी युद्ध. 1884 मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. पोराला घाबरवायला हे सांगत नाही. आपल्याकडेही असं होतं. "तो बुद्धिबळवाला वकील" अशी ओळख पडली की लोक मुलाला क्लास लावायला येतात, वकीलपत्र द्यायला दुसरीकडे जातात. मला याचा अनुभव आहे.

अपवादही आहेत, आजोबांना ते सांगा. जर्मनीचा वोल्फगांग उन्त्सिकर म्युनिकला न्यायाधीश होता आणि तरी ग्रँडमास्टर. कार्पोव्ह त्याला हौशी खेळाडूंचा जगज्जेता म्हणायचा. कॅनडाचा डॅनियल यानोफ्स्की 1946 मध्ये ग्रोनिंगनला, पुढे जगज्जेता झालेल्या बोत्विनिकला हरवून बसला, मग ऑक्सफर्डला कायदा शिकला, आणि पुढे विनिपेगला वकिली करत राहिला. ओसिप बर्नस्टाइन हायडेलबर्गचा कायद्याचा डॉक्टर. क्रांती, मंदी आणि नाझी या तिघांनी मिळून त्याची कमाई तीनदा बुडवली, तरी 1954 मध्ये बहात्तराव्या वर्षी त्याने नायडॉर्फ या नावाजलेल्या ग्रँडमास्टरला असा हरवला की तो डाव आजही पुस्तकांत असतो. पण ही माणसं वकिलीत शिरण्याआधीच बुद्धिबळात फार वर होती, हेही आजोबांना सांगायला विसरू नका.

आता माझा आपटलेला प्रसंग. सनद मिळून सहा-सात वर्षं झाली होती. पुण्याला शनिवार-रविवारची स्पर्धा होती, शेवटची फेरी लांबली आणि रात्रीची गाडी चुकली. सोमवारी एका वाटपाच्या दाव्यात तारीख होती. वादीच्या बाजूने मी. एका मित्राला फोन करून सांगितलं, पुकारा झाला की उभा राहा, पुढची तारीख घे. मित्र दुसऱ्या कोर्टात अडकला. पक्षकार माझ्या भरवशावर खालच्या चहाच्या टपरीवर बसलेला. पुकारा झाला, प्रतिवादीचे वकील हजर, आमच्याकडून कुणीच नाही. दावा गैरहजेरीत काढून टाकला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 9 खाली तीस दिवसांच्या आत अर्ज करून तो पुन्हा बोर्डावर आणला, खर्च माझ्या खिशातून भरला. पक्षकार काही बोलला नाही. पारोळ्याकडचा म्हातारा होता, फक्त एवढंच म्हणाला, "वकीलसाहेब, जिंकले का मग तिकडे?" मी जिंकलो नव्हतो. त्यानंतर सोमवारी तारीख असेल तर रविवारी स्पर्धा खेळायची नाही हा नियम मी आजतागायत पाळलाय. मुलगा दोन्ही करणार असेल तर असा एखादा नियम त्याला लागेल, आणि तो कुणाचं तरी नुकसान होण्याआधी सापडला तर बरं.

कॉक्रनकडून घेण्यासारखं खरं काही असेल तर ते कलकत्त्यातलं आहे. 1848 च्या सुमारास कलकत्त्याच्या क्लबचा एक सभासद मोफसिलात, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखात, गेला असता त्याच्या कानावर आलं की तिथे एक ब्राह्मण आहे, तो म्हणे कुणालाच हरत नाही. त्याचं नाव महेशचंद्र बॅनर्जी. (मोफसिल हा शब्द मुंबईचे वकील आजही आपल्याला उद्देशून वापरतात, तेव्हा महेशचंद्र मला उगाचच आपला वाटतो.) तो देशी पद्धतीत वाढलेला. देशी पटावर प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जातं, त्यामुळे त्याला मधली घरं लगेच धरायची सवय नव्हती. तो घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचा, रिकाम्या झालेल्या घरात उंट बसवायचा आणि लांबून मध्यावर नेम धरायचा. लंडनच्या कुणाही उस्तादाला ही सुरुवात अडाणी वाटली असती. कॉक्रन त्याच्यासमोर वर्षानुवर्षं बसला, जास्त डाव जिंकलाही, पण मुख्य म्हणजे त्या डावांच्या खेळ्या टिपल्या गेल्या आणि लंडनच्या मासिकांपर्यंत पोचल्या. 1855 च्या एका डावात महेशचंद्राने काळ्याकडून घोडा, मग घोड्यापुढचं प्यादं एक घर, मग वजिरापुढचं प्यादं दोन घरं असं खेळून ठेवलंय. आज त्याला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात. ज्याच्या नावावर तो आहे तो ग्रुनफेल्ड 1855 नंतर अडतीस वर्षांनी जन्मला. तो डाव कॉक्रनने घोड्याच्या हल्ल्याने जिंकला, पण आज जग आठवतं ते हरलेल्या बाजूची सुरुवात. किंग्ज इंडियन, निम्झो-इंडियन या सुरुवातींच्या नावांत जे 'इंडियन' आहे, त्याचं मूळ असल्याच कागदांत आहे.

कॉक्रन स्वतःही याच माणसाविरुद्ध वेड्यासारखे प्रयोग करायचा. पेट्रॉफ बचाव नावाच्या सुरुवातीत चौथ्या खेळीला अख्खा घोडा देऊन काळ्या राजाला मैदानात ओढायचं, ही त्याची चाल 1848 मध्ये महेशचंद्राविरुद्धच पहिल्यांदा नोंदली गेली. तिला कॉक्रन गँबिट म्हणतात. 1999 मध्ये स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत टोपालोव्हने ती क्रॅमनिकविरुद्ध खेळून डाव बरोबरीत सोडवला.

हे वाचताना मला आसोद्याच्या बहिणाबाई आठवतात. त्यांना लिहिता येत नव्हतं; मुलाने आणि घरच्यांनी ओव्या टिपून ठेवल्या म्हणून आज आपल्याकडे त्या आहेत. खान्देशात पिढ्यान्‌पिढ्या पारावर, देवळाच्या ओट्यावर, चौकात काय बुद्धिबळ खेळलं गेलं असेल! माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक शिंपी होते, त्यांना प्यादेमातीशिवाय डाव संपवणं कमीपणाचं वाटायचं. त्यांचा एकही डाव कुठे लिहिलेला नाही. गेले, सोबत सगळे डाव गेले.

कायद्याचं पुस्तकही मला याच ओळीत दिसतं. कॉक्रन 1869 मध्ये लंडनला परतला आणि 1872 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, हिंदू कायद्यावर त्याचं पुस्तक निघालं. विषय दायभागाचं समर्थन, आणि त्याला जोडून प्रसन्नकुमार टागोर यांच्या मृत्युपत्राच्या खटल्याची दखल. तुम्ही वकील नाही म्हणून थोडं सोडवून सांगतो, कारण हे आपल्या अगदी उंबऱ्यावरचं आहे. बंगालात वारसाहक्काला जीमूतवाहनाचा दायभाग चालायचा. बाकी बहुतेक देशात विज्ञानेश्वराची मिताक्षरा. मिताक्षरेत मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क. दायभागात बाप हयात असेपर्यंत मुलाला काही नाही, बाप आपल्या मर्जीने देऊ-घेऊ शकतो. आपल्याकडे याला आणखी एक पीळ आहे. जुन्या मुंबई इलाख्यात मराठी मुलखावर मिताक्षरेची सत्ता, गुजरात आणि मुंबई बेटावर नीलकंठाच्या व्यवहारमयूखाची, आणि पुणे, नगर, खान्देश या पट्ट्यात मयूखाचं वजन जवळजवळ मिताक्षरेच्या बरोबरीचं मानलं जायचं. जुन्या निवाड्यांत 'खान्देश' हा शब्द या कारणाने येतो. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला उगाच अभिमान वाटला होता.

तर प्रसन्नकुमार टागोर स्वतः मोठे वकील. त्यांचा मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला. पुढे बॅरिस्टर होणारा तो पहिला भारतीय. बापाने मृत्युपत्रात त्याला बाजूला ठेवून इस्टेट पुतण्या जतींद्रमोहनकडे, मग पुढच्या, अजून जन्मही न झालेल्या पुरुष वंशजांकडे जाईल अशी इंग्रजी धाटणीची साखळी बांधली. 1872 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, सांगितलं, हिंदू कायद्याला माहीत नसलेला वारशाचा नवा प्रकार कुणी आपल्या मर्जीने निर्माण करू शकत नाही, आणि न जन्मलेल्याला दान देता येत नाही. पुतण्याला फक्त हयातीपुरता हक्क राहिला. माझ्याकडे आजही यावलकडचे आजोबा येतात, "नातवाच्या पोराच्या नावावर करून टाका" म्हणतात. कायदा पुढे बदलला, 1916 पासून हिंदूंना काही अटींवर न जन्मलेल्यासाठीही तरतूद करता येते, पण त्या आजोबांना समजावताना मी अजूनही टागोरांच्या मृत्युपत्रापासूनच सुरुवात करतो.

पंचेचाळीस वर्षं दुसऱ्याच्या मुलखात वकिली केलेला माणूस म्हातारपणी तिथल्या एका संस्कृत ग्रंथाच्या बाजूने पुस्तक लिहितो. हाच माणूस तिथल्या एका ब्राह्मणाच्या 'अडाणी' सुरुवातीसमोर वर्षानुवर्षं बसलेला असतो. बुद्धिबळाने त्याला वकील केलं नाही. बुद्धिबळ खेळलं की तर्क सुधारतो आणि माणूस चांगला वकील होतो, हे क्लासवाले सांगतात, मी त्याला भाव देत नाही. पटावर सगळं समोर दिसतं. दाव्यात निम्मं भांडण न दिसणाऱ्या कागदांचं असतं, आणि साक्षीदार घोड्यासारखा अडीच घरं चालेल याचीही खात्री नसते. दोन्हीकडे कामाला येणारी सवय मला एकच सापडली आहे: समोरच्याने काय केलं ते आपल्या सोयीने नव्हे, जसंच्या तसं लिहून ठेवणं आणि रात्री ते पुन्हा उघडणं. उलटतपासाची तयारी मी अशीच करतो. स्कोअरशीटवर हरलेल्या डावाच्या शेवटच्या दहा खेळ्या गाळणारा मुलगा मला माहीत आहे. तो पुढे पक्षकाराला अडचणीचा कागदही गाळून सांगेल अशी मला भीती वाटते.

तुमच्या घरापुरतं बोलायचं तर माझा कल असा. लॉला पाठवा. राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, द्यायला लावा, राष्ट्रीय विधी विद्यापीठ हवं असेल तर त्यांची क्लॅट परीक्षाही. पाच वर्षांत वर्षाला तीन-चार स्पर्धा, सुट्ट्यांमधल्या. रेटिंग या काळात जिथल्या तिथे राहिलं तरी चालेल, थोडं उतरेलही. सनद मिळाल्यावर पहिली तीन वर्षं स्पर्धा जवळपास बंद; संध्याकाळी बार रूममधून निघाल्यावर एक डाव घरी, तेवढा पुरे. आजोबांना एवढंच सांगा की पट माळ्यावर नको, कपाटात राहू द्या. आणि दुसऱ्या वर्षापर्यंत रेटिंग 2000 च्या पुढे सरकलं तर मला पुन्हा विचारा, मग हे सगळं नव्याने बोलू.

मुलाला घेऊन कधी जळगावला आलात तर रविवारी सकाळी वर्गावर या. येताना त्याने हरलेल्या शेवटच्या तीन डावांचे कागद आणायला सांगा. जिंकलेले नकोत.